न परतलेला रुग्ण

आमच्याकडे मंगळवार हा धागा बदलायचा वार. सकाळी नऊच्या आधीच ओपीडीबाहेर माणसं जमलेली असतात आणि बाक मात्र रिकामा असतो. भगंदराच्या रुग्णाला बसवत नाही. कुणी पैठणहून, कुणी कन्नडहून पहिल्या एसटीने उभ्याने आलेला, कुणी वाळूजच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून तसाच आलेला. ट्रकचालक, शिंपी, शिक्षक, ऊसतोड मजूर. बायका कमी, आणि येतात त्याही फार उशिरा, दुखणं वर्षानुवर्षं लपवून झाल्यावर.

मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका आयुर्वेद महाविद्यालयात शल्यतंत्र शिकवते, क्षारसूत्र करते आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना मार्गदर्शन करते. ही तीन कामं बाहेरून एकसारखी वाटतात, पण त्यांच्यात रोज भांडण असतं. शिकवताना सुश्रुत हाताशी असतो. उपचार करताना समोर रुग्ण असतो. संशोधन करताना मात्र जो रुग्ण समोर नाही, त्याचाच विचार करावा लागतो. मी बोलणार आहे ते या तिसऱ्याबद्दल.

आधी धाग्याविषयी. गुदमार्गाच्या आतल्या ग्रंथीत पू होतो, तो वाट काढत बाहेरच्या कातडीपर्यंत येतो, आणि एक तोंड आत, एक बाहेर अशी नळी तयार होते. तेच भगंदर. ती आपसूक भरत नाही. कातडीवरचं तोंड मिटलं की रुग्णाला वाटतं बरं झालं, महिन्या-दोन महिन्यांनी गाठ येते, ठणका लागतो, फुटते, पुन्हा मिटते. नळी उथळ असेल तर सर्जन ती सरळ कापून उघडी करतो आणि जखम तळापासून भरून येते. पण मलावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूतून ती बरीच आत गेली असेल, तर कापताना तो स्नायूही कापला जातो. खरी भीती तिथे आहे. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले, त्यात उंटाच्या मानेसारखा वळलेला उष्ट्रग्रीव आहे, शंखाच्या वेटोळ्यासारखा शंबूकावर्त आहे. लंडनच्या पार्क्स यांनी १९७६ मध्ये स्नायूशी नळीचं नातं पाहून चार प्रकार केले. आमचे विद्यार्थी दोन्ही पाठ करतात. एमआरआयचा रिपोर्ट मात्र पार्क्सच्या भाषेत येतो, आणि कुठे कापायचं नाही हे त्याच भाषेतून कळतं, हे मी वर्गात स्पष्ट सांगते.

क्षारसूत्रात नळी उघडी करत नाहीत. एषणीने म्हणजे प्रोबने धागा नळीतून ओवून काढायचा आणि दोन्ही टोकं बाहेर बांधायची. धाग्यावरचा क्षार आतलं सडकं अस्तर जाळतो, धागा हळूहळू कापत बाहेर सरकतो आणि मागची जखम भरत येते. दर आठवड्याला नवा धागा जुन्याला गाठ मारून ओढून घ्यायचा. काढलेला धागा टाकून द्यायचा नाही, मोजपट्टीवर ठेवायचा. गेल्या मंगळवारी सहा सेंटिमीटर होता, आज पाच भरला. साधारण आठवड्याला सेंटिमीटर, हा आमचा ढोबळ हिशेब. स्नायू एका दिवसात न कापता इतक्या सावकाश कापला जातो की कापलेली टोकं एकमेकांपासून फार लांब जात नाहीत, असं यामागचं स्पष्टीकरण दिलं जातं. धागा ओवायची कल्पना जगात एकट्या आपल्याकडेच होती असंही नाही. हिपोक्रेटिसच्या परंपरेत जवसाच्या धाग्याला घोड्याचा केस गुंडाळून तो नळीतून घालायची पद्धत वर्णन केलेली आहे. आपलं वेगळेपण धाग्यावर काय चढवायचं यात आहे.

ते चढवणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. वीस नंबरचा लिननचा धागा चौकटीवर ताणायचा. त्यावर स्नुहीच्या, म्हणजे निवडुंगाच्या एका जातीच्या चिकाचे अकरा थर, मग चीक आणि आघाड्याचा क्षार असे सात, शेवटी चीक आणि हळद असे तीन. एकूण एकवीस. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा नाही. चीक पहाटे काढायचा, हातमोजे आणि चष्मा घालून, कारण तो डोळ्यात गेला तर डोळ्याचं वाटोळं होतं. उन्हाळ्यात चीक घट्ट आणि थोडा निघतो. पावसाळ्यात क्षार हवेतलं पाणी ओढतो, थर चिकट राहतो, धाग्यावरून सुटून येतो. म्हणून आम्ही पाऊस लागायच्या आत धागे करून नळीत बंद करून ठेवतो. दोन वैद्यांचा धागा वरून सारखाच पिवळा दिसतो, पण आत सारखा असेलच असं नाही. संशोधनात पहिला प्रश्न हाच येतो: तुमचा धागा म्हणजे नक्की काय? त्याची जाडी किती, क्षार किती बसला, सामू किती? ओवायला सुरुवात करण्याआधी याचं उत्तर कागदावर लागतं.

क्षार कसा करायचा हे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे, क्षार लावलेला धागा नाडीव्रणात, म्हणजे नळीसारख्या जखमेत, घालायचा हे चिकित्सास्थानात आहे, निवडुंगाचा चीक आणि हळद अकराव्या शतकातल्या चक्रदत्तात आहे. पण आज आम्ही वापरतो तो एकवीस थरांचा धागा १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात शंकरन आणि प्रा. पी. जे. देशपांडे यांनी ठरवून, तपासून बसवला. देशपांड्यांनी शर्मांबरोबर १९७३ मध्ये अमेरिकेतल्या एका गुदविकारांच्या नियतकालिकात २०० रुग्णांचा आढावा छापला. धागा प्राचीन आहे असं त्यांना नुसतं म्हणता आलं असतं. त्यांनी रुग्ण मोजले, आणि नंतर त्यांचं काय झालं तेही पाहिलं. मला या माणसांबद्दल जो आदर वाटतो तो या दुसऱ्या वाक्यासाठी.

मग आला तो अभ्यास, ज्याचा दाखला प्रत्येक प्रबंधात असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत मिळून चाचणी केली आणि १९९१ मध्ये छापली. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने २६५ जणांना क्षारसूत्राच्या गटात आणि २३७ जणांना शस्त्रक्रियेच्या गटात घातलं. जखम भरायला क्षारसूत्रात ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेत ४. वर्षभराने पाहिलं तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के होतं, शस्त्रक्रियेत ११.

आमच्या मंडळींना यातले ४ आणि ११ तोंडपाठ असतात. ८ आणि ४ सांगायला जीभ जरा जड होते. रोजंदारीवरच्या माणसाला चार आठवडे जास्त म्हणजे काय, हे मंगळवारच्या रांगेत कळतं. दर खेपेला एसटीचं भाडं, एक बुडालेला रोज, आणि धागा बदलल्यानंतरच्या दोन रात्री कोमट पाण्याच्या टबात बसून काढायच्या. रुग्णाला दोन्ही आकडे सांगितले पाहिजेत. मी सांगते, आणि काहीजण ऐकून घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, किंवा खासगी सर्जनकडे जातात. जावं. उथळ नळी असेल आणि माणसाला लवकर कामावर जायचं असेल, तर सरळ शस्त्रक्रिया हा चांगला उपचार आहे. क्षयरोगामुळे झालेलं भगंदर असेल तर क्षयाच्या औषधांवाचून नुसता धागा काही करत नाही. म्हणून नळीचा तुकडा तपासायला पाठवण्याबाबत मी हट्टी आहे.

त्या चार आकड्यांमधली सगळ्यात अवघड गोष्ट 'वर्षभराने' ही आहे.

वैद्यकीत एक जुनी सवय आहे, आमच्याच नव्हे, सगळ्यांच्याच. रुग्ण परत आला नाही की तो बरा झाला असं धरायचं. दवाखान्यात त्यात काही वावगं वाटत नाही. संशोधनाच्या तक्त्यात मात्र त्याच्या नावापुढे 'बरा' लिहिता येत नाही. तो बरा झाला असेल, किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल, किंवा दुखणं सहन करत ट्रक चालवत असेल. माहीत नाही, एवढंच खरं. आणि ज्याला ज्या गटात घातलं, तो मध्येच सोडून गेला तरी हिशेब त्याच गटात धरायचा. हा नियम पहिल्यांदा शिकवला की विद्यार्थी नाराज होतात, कारण त्याने चांगले निकाल खाली येतात.

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या रूपात येतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बीड, जालना, आमच्या जिल्ह्यातलेही तालुके रिकामे व्हायला लागतात. आमच्या अभ्यासातला एक भाऊ दोन महिने नेमाने धागा बदलायला येत होता. नळी अर्ध्याहून अधिक कापली गेली होती. एका मंगळवारी आला तोच म्हणाला, "मॅडम, टोळी निघाली. मुकादमाची उचल घेतलीय, आता थांबता येत न्हाई." बरोबर बायको होती. नवराबायकोचा मिळून एक कोयता. हा थांबला तर तिचा अर्धा कोयता राहतो आणि उचल अंगावर बसते. मी त्याला थांब म्हणायचं ते कोणत्या तोंडाने? धाग्यावरचा क्षार काही दिवसांत संपतो, मग उरतो तो साधा धागा. त्याला तो तसाच ढिला ठेवून दिला, म्हणजे निदान पू साचणार नाही, आणि कारखान्याच्या गावाजवळच्या एका ओळखीच्या वैद्याला चिठ्ठी दिली. आमच्या नोंदवहीत तो 'ठरलेल्या पद्धतीपासून विचलन' या रकान्यात गेला.

त्यानंतर कोणीतरी सुचवलं की ऊसतोड करणाऱ्यांना अभ्यासात घेऊच नये, म्हणजे आकडे स्वच्छ राहतील. आकडे स्वच्छ राहिले असते, यात शंका नाही. पण मग निष्कर्ष कोणासाठी काढायचा? ज्याला दर मंगळवारी सुट्टी मिळते त्याच्यासाठी? आम्ही दुसरा मार्ग धरला. टोळ्या परततात तेव्हापासून, पाडव्याच्या आसपास, नवे रुग्ण घ्यायचे, म्हणजे उपचार दसऱ्याच्या आत संपतो. त्यात भर पावसाळा मध्ये येतो, आणि धाग्याचं पावसाशी वैर. म्हणून तर आधी करून ठेवलेले बंद नळ्यांतले धागे. वर्षानंतरची तपासणी मात्र कधीही आली तरी चालेल अशी मोकळी ठेवायची, आणि नाहीच आला तर फोन.

फोनचं प्रकरण सोपं नाही. नंबर बदलतात. घरातला एक फोन मुलाकडे असतो. बऱ्याच जणांनी पत्त्याच्या रकान्यात मुकादमाचा नंबर दिलेला असतो, आणि मुकादमाला फोन करून कोणत्या दुखण्याची चौकशी करताय हे सांगता येत नाही. गुदद्वाराच्या आजाराची बातमी टोळीत पसरली तर त्या माणसाची चेष्टा होईल, बाईची तर बोलायची सोय नाही. संमतिपत्रावर सही घेतानाच आम्ही विचारतो: वर्षानंतर तुम्हाला कोणाच्या फोनवर बोलवायचं, आणि काय सांगून? "दवाखान्यातून ताई बोलते, रक्ताच्या रिपोर्टचं" असं काहीजण सुचवतात. खोटं बोलता येत नाही, म्हणून नुसतं "दवाखान्यातून ताई बोलते" एवढंच ठरलं. एका विद्यार्थिनीने कित्येक संध्याकाळी अशा फोनांत घालवल्या. तिच्या प्रबंधातलं ते सर्वांत मोलाचं पान आहे असं मी म्हणते, आणि त्या पानाला वेगळे गुण नसतात.

विचारायचं काय, हेही नाजूक. आजार उलटला का, एवढं पुरत नाही. ताबा राहिला का? वाऱ्यावर, पातळ शौचावर, घट्ट शौचावर, कपडे खराब होतात का, पॅड लागतं का. जगभर वेक्सनर यांच्या प्रश्नावलीवर याचे गुण मांडतात. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर हे प्रश्न विचारले की उत्तर एकच येतं, "काही त्रास न्हाई." आमच्या सिस्टर रुग्णाला ड्रेसिंगच्या खोलीत एकटं गाठून विचारतात आणि खरं उत्तर तिथे मिळतं. दुखण्याचं मोजमाप शून्य ते दहा. आणि रुग्णाने रात्री दुखलं म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतली असेल तर तीही लिहायची. आम्ही दिलेल्या त्रिफळा गुग्गुळाने आराम पडला की त्या गोळीने, हे नंतर कोण सांगणार?

प्रबंधांवर माझा राग आहे, तो सांगून टाकते. आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासात तीस-तीसचे दोन गट करायची रीत पडून गेली आहे. परिषदेच्या चाचणीतलेच आकडे घ्या. तिसांपैकी चार टक्के म्हणजे एक माणूस, अकरा टक्के म्हणजे तीन. एक विरुद्ध तीन यावरून कोणता उपचार सरस हे कोणी ठरवू नये. चार आणि अकराचा फरक भरवशाने दिसायला प्रत्येक गटात दोनशेच्या वर रुग्ण लागतात. म्हणून तर त्या चाचणीत पाचशे दोन होते. त्यात एमएस तीन वर्षांचं. सिनॉप्सिस, एथिक्स समिती, सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदणी, यात सुरुवातीचा काळ जातो, शेवटचा लिहिण्यात. वर्षभर मागे लागायला वेळ उरतच नाही. मग 'दोन महिन्यांत ९० टक्के पूर्ण आराम' असले निष्कर्ष कपाटात जमा होतात. दहा महाविद्यालयांनी एकच धागा, एकच तक्ता, एकच प्रश्नावली वापरून दहा वर्षं रुग्ण नोंदवले तर महाराष्ट्राला उत्तर मिळेल. विद्यार्थ्यागणिक नवा विषय हवा या आग्रहाने ते होत नाही.

नोंदीवाचून काय होतं याचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. इंग्रज सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नाक बसवलं. ते पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांमुळे ही हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह आली, ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी सरावानंतर १८१४ मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं. कावसजीचं नाव राहिलं, कार्प्यूचं राहिलं. नाक बसवणाऱ्याचं नाव त्या हकिगतीत नाही. त्याने आयुष्यात किती नाकं बसवली, किती टिकली, किती सडली, हे त्याच्याबरोबर गेलं. सुश्रुताचा वारसा म्हणून सभांमधून ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मला ती ऐकताना हळहळ वाटते.

लिहून ठेवलेलं नेहमी आपल्या सोयीचं निघतं असंही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाने पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांत गुळवेलीचा अभ्यास केला, तो १९९३ मध्ये छापला. पित्ताचा निचरा सुरू असताना ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल दिली त्यांच्यात रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याचं दिसलं नाही. दुसऱ्या गटात निम्म्या रुग्णांत दिसलं. पुढे कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला आणि २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचा आक्षेप घेतला. आमच्यात कित्येकांनी पहिला लेख डोक्यावर घेतला आणि दुसऱ्याला षड्‌यंत्र म्हटलं. दोन्ही वाचले पाहिजेत. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या गटाने गुडघ्याच्या संधिवातावर ४४० रुग्णांत केलेली चाचणी २०१३ मध्ये आली. आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामीन आणि सेलेकॉक्सिबच्या तोडीची ठरली. त्यातली एक औषधी गुळवेलच होती, आणि आयुर्वेदिक गटांतल्या सात जणांच्या यकृताच्या एका तपासणीचा आकडा वाढला, औषध थांबल्यावर उतरला, हेही त्यांनी छापलं. त्या सात जणांची नोंद आहे म्हणून माझा बाकीच्या निष्कर्षावर विश्वास बसतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना कोणत्या शस्त्रक्रिया करता येतील याची अधिसूचना निघाली. शल्याच्या ३९ आणि शालाक्याच्या, म्हणजे डोळे, कान, नाक, घसा, दात यांच्या, १९ अशी ५८ ची यादी होती. ११ डिसेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या हाकेवर देशभर डॉक्टरांनी काम बंद ठेवलं. शहरातही तेव्हा दोन तट पडले होते, दोन्हीकडच्या मित्रांचे फोन मला येत होते. कापायचा अधिकार कोणाला, यावर घसे कोरडे झाले. कापल्यानंतर वर्षाने रुग्ण कसा आहे याची नोंद कोण ठेवणार, हे मला ना इकडून कोणी विचारलं ना तिकडून. माझ्या मते ज्याच्याकडे ती नोंद आहे त्याने निर्धास्त शस्त्रक्रिया करावी. ज्याच्याकडे नाही त्याने आपल्या पदवीचा, मग ती कोणतीही असो, रुबाब करू नये.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी भगंदरासाठी क्षारसूत्र करून घेतलं असेल, किंवा शस्त्रक्रिया, तर एक विनंती आहे. वर्ष झालं की आपल्या वैद्याला किंवा डॉक्टरला एकदा फोन करा. त्रास पुन्हा सुरू झाला असेल तर तुम्ही करालच, किंवा रागाने दुसरीकडे जाल. रागाने गेलात तरी कळवा. आणि काहीच त्रास नसेल, तुम्ही सगळं विसरून गेला असाल, तर तेही कळवा.